खाण सुरू झाली म्हणून ट्रक घ्यायचा का?

पाळी गावाकडच्या एका तरुणाचा प्रश्न आहे. तो लिहितो: "काका, डिचोलीची लोहखनिजाची खाण सुरू झाली. आणखी ब्लॉकांना, म्हणजे लिलावात गेलेल्या खाणक्षेत्रांना, परवानग्या मिळत असल्याचे पेपरात रोज येते. बाबांचे दोन ट्रक होते, खाणबंदीनंतर दोन्ही गेले. आता २५ लाखांचे कर्ज काढून नवा टिपर घ्यावा असे मनात आहे. घेऊ का? आणि खाणी सुरू झाल्या की गोव्याची आर्थिक घडी पहिल्यासारखी बसेल असे पुढारी सांगतात. ते कितपत खरे?"

मी डिचोली आणि साखळीत ट्रकमालक, बार्जवाले (नदीतून खनिज नेणारे), गॅरेजवाले आणि टायरवाले यांची हिशोबाची कामे गेली तीसेक वर्षे करतो आहे. तुझ्या बाबांसारखी शंभरेक माणसे माझ्या टेबलासमोर बसून गेली असतील. म्हणून उत्तर जरा लांबेल. दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातच आहे.

"पहिल्यासारखी" म्हणजे नक्की कधीसारखी? हे विचारले की माणसे २०१० सालाकडे बोट दाखवतात. त्या काळात गोव्यातून वर्षाला पाच कोटी टनांहून जास्त खनिज बाहेर गेले. तेवढी खोदाई गोव्यात त्याआधी कधी झाली नव्हती. आमच्या वडिलांच्या पिढीने जी खाण पाहिली ती वेगळी होती. १९५० नंतर जपानच्या पोलाद कारखान्यांना माल लागायचा, तो बेताने जायचा, आणि निवडक जायचा. हलका माल बाजूला ओतला जायचा, त्याचे डोंगर व्हायचे, त्यांना आपण डंप म्हणतो. २००३-०४ पासून चीनने दार उघडले आणि पूर्वी कोणी फुकट नेला नसता असा डंपातला मालही विकला जाऊ लागला. ज्याच्या कुळागरामागे, म्हणजे सुपारीच्या बागेमागे, डंप होता तो एका रात्रीत महत्त्वाचा माणूस झाला. ती सहा-सात वर्षे म्हणजे साठ-सत्तर वर्षांच्या धंद्याला आलेला ताप होता. तो ताप होता हे तेव्हा कोणाच्या लक्षात आले नाही, माझ्याही नाही. मीच कितीतरी जणांचे प्रोजेक्ट रिपोर्ट करून बँकेत पाठवले, आणि त्यात दिवसाच्या ट्रिपा मोजताना हात आखडता घेतला नाही.

आता गंमत बघ. त्या तेजीतला पैसा सरकारी तिजोरीत किती गेला? ऑगस्ट २००९ पर्यंत लोहखनिजाची रॉयल्टी टनावर ठरलेली होती, टनामागे मोजके रुपये. माल हजारोंनी विकला तरी राज्याला तेवढेच. २००९ मध्ये ती किमतीच्या १० टक्के झाली आणि २०१४ मध्ये १५ टक्के. म्हणजे तेजीची सगळ्यांत गोड वर्षे राज्याने चिल्लर गोळा करण्यात घालवली. मग बाकीचा पैसा कुठे गेला? मोठा वाटा खाणमालकाकडे, हे उघड आहे. पण सांडलेला वाटाही लहान नव्हता. तो ट्रकवाल्याकडे आला, बार्जवाल्याकडे आला, वेल्डरकडे, चहाच्या गाड्यावर, भाड्याच्या खोल्यांत, जत्रेच्या देणगीत आला. साखळीच्या बाजारात चवथीच्या आधी गणपतीवर बांधायच्या माटोळीचे सामान घेताना लोक भाव विचारत नव्हते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून खाणपट्ट्यातल्या माणसाला खाण म्हणजे "आमची" वाटते आणि पणजीच्या माणसाला ती लूट वाटते. माझ्या मते दोघेही खरे बोलतात. दोघे वेगवेगळ्या वहीची पाने वाचत असतात, एवढेच.

लूट होती का? होती. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल ७ सप्टेंबर २०१२ रोजी संसदेत मांडला गेला, त्यात नुकसानीचा आकडा सुमारे ३५ हजार कोटींचा होता. तो आकडा कसा काढला यावर वाद घालता येतो, मीही घालतो. पण लीजच्या हद्दीबाहेर खोदाई, परवानगीपेक्षा जास्त माल, दुसऱ्याच्या लीजवर तिसऱ्यानेच चालवलेली खाण, हे खाणपट्ट्यात राहणाऱ्याला आयोगाने सांगायची गरज नव्हती. १० सप्टेंबरला, सोमवारी, राज्य सरकारने खाणी स्थगित केल्या. चवथ नऊ दिवसांवर होती. ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने खोदाई आणि वाहतूक दोन्ही थांबवली.

राजकारणाचे म्हणशील तर एकच ओळ पुरे आहे: काँग्रेसच्या काळात दिगंबर कामत यांच्याकडे बरीच वर्षे खाण खाते होते, विरोधी नेते म्हणून मनोहर पर्रीकरांनी लोकलेखा समितीतून त्याच खात्यावर झोड उठवली, मुख्यमंत्री झाल्यावर खाणी थांबवल्या त्याही पर्रीकरांनीच, आणि आज कामत पर्रीकरांच्याच पक्षात आहेत. यावर तू मत कोणाला द्यायचे ते तू ठरव. ट्रक कोणाच्या भरवशावर घ्यायचा नाही, ते मात्र यातून कळायला हरकत नाही.

त्या पुढचा भाग लोक विसरतात, आणि तोच सगळ्यांत महत्त्वाचा आहे. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की गोव्यातली सगळी लीजे २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपली होती. पोर्तुगीज काळातली कन्सेशन्स (खाणपरवाने) १९८७ च्या कायद्याने लीजांमध्ये बदलली गेली, ती १९८७ पर्यंत, मग एकदाच वीस वर्षांचे नूतनीकरण, की झाले. म्हणजे २००७ ते २०१२ या ज्या पाच वर्षांत तुझ्या बाबांनी दुसरा ट्रक घेतला असेल, त्या पाचही वर्षांत खाणीकडे लीज नव्हतेच. बँकेने कर्ज दिले, आरटीओने नोंदणी केली, विमा कंपनीने हप्ते घेतले, सरकारने रॉयल्टी घेतली, आणि पायाखाली कागद नव्हता! त्याच निकालात न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची तात्पुरती मर्यादा घातली आणि विक्रीच्या १० टक्के रक्कम कायमस्वरूपी निधीत ठेवायला सांगितली, पुढच्या पिढ्यांसाठी. हा निकाल मी तेव्हा रागारागाने वाचला होता. आज पुन्हा वाचतो तेव्हा दोन कोटींचा आकडा मला सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो.

मग २०१४ च्या अखेरीस आणि २०१५ च्या सुरुवातीला सरकारने ८८ लीजांचे नूतनीकरण घाईघाईने करून टाकले. १२ जानेवारी २०१५ ला केंद्राचा वटहुकूम येणार होता, त्यानंतर लिलावाशिवाय लीज देताच आले नसते. बरीचशी नूतनीकरणे शेवटच्या आठवड्यात झाली. गावात पेढे वाटले गेले. ट्रक पुन्हा रंगवले गेले. ७ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ती ८८ च्या ८८ रद्द केली आणि १६ मार्चपासून खोदाई बंद झाली. दोन दिवसांनी पाडवा होता. पाडव्याला गाडी घरी आणायची म्हणून बुकिंग केलेला एक माणूस माझ्याकडे आला होता. डीलरकडे भरलेले पैसे परत मिळतील का, एवढेच त्याला विचारायचे होते. अर्धे मिळाले.

हे सगळे जुने उगाळतो कारण "खाण सुरू झाली" ही बातमी तुझ्या घरात यापूर्वी दोनदा येऊन गेली आहे.

आता या वेळी वेगळे काय? वेगळे आहे, आणि बरेच आहे. जुन्या मालकांनी २०३७ पर्यंत मुदत मागितली होती, ती २०२१ मध्ये फेटाळली गेली. २०२२ मध्ये त्यांना लीजे रिकामी करायला लावली. डिसेंबर २०२२ मध्ये पहिले चार ब्लॉक लिलावात गेले: डिचोली, शिरगाव-मये, मोंत द शिरगाव आणि सांगे तालुक्यातला काले. पुढच्या वर्षी अडवलपाल-थिवी, कुडणे वगैरे गेले. हे लीज पन्नास वर्षांचे, कागद पक्का. बंदीची तलवार पूर्वीइतकी डोक्यावर नाही, हे मान्य. पण पैशाची वाट बदलली आहे, आणि ती कोणी तुला समजावून सांगितलेली नसणार. जरा आकडेमोड करू.

लिलावात बोली कशाची लागते? टनाच्या सरासरी विक्री किमतीचे किती टक्के राज्याला देणार, याची. पहिल्या चार ब्लॉकांत ही बोली सुमारे ६३ टक्क्यांपासून ९९ टक्क्यांपर्यंत गेली. चुकून वाचले नाहीस, नव्याण्णव. सोयीसाठी किंमत टनाला २,००० रुपये धर आणि बोली ९० टक्के धर. १,८०० रुपये प्रीमियम. शिवाय किमतीच्या १५ टक्के रॉयल्टी, ३००. रॉयल्टीचा दहावा हिस्सा जिल्हा खनिज निधीला, ३०. झाले २,१३०. माल दोन हजारांचा आणि देणे एकवीसशे तीसचे, आणि अजून खोदाई, डिझेल, पगार यांना हातही लावलेला नाही.

मग हे लोक वेडे आहेत का? नाही. ही सरासरी किंमत इंडियन ब्युरो ऑफ माइन्स राज्यवार, प्रतवारीनुसार जाहीर करते, आणि ती खाणीच्या तोंडाची किंमत असते. म्हणजे निर्यातीच्या भावातून वाहतूक, जेटी, बार्ज, बंदर हे खर्च वजा करून उरलेली. शिवाय सरासरी ही शेवटी सरासरीच. ज्याचा माल त्या प्रतवारीच्या वरच्या काठावरचा आहे, ज्याची खाण नदीला लागून आहे, ज्याचा स्वतःचा कच्च्या लोखंडाचा किंवा पोलादाचा कारखाना आहे, त्याला सरासरीपेक्षा जास्त उरते. त्या उरलेल्या फटीत त्याचा सगळा धंदा बसवायचा असतो. आता तूच सांग, ही फट रुंद करायला मालकाच्या हातात काय आहे? प्रीमियम कमी होत नाही, तो पन्नास वर्षांसाठी लिहून दिला आहे. रॉयल्टी दिल्लीत ठरते. भाव चीनमध्ये ठरतो. त्याच्या हातात एकच मोठी गोष्ट उरते: खाणीपासून जेटीपर्यंत टनामागे वाहतुकीला किती द्यायचे. म्हणजे तू.

२०१० मध्ये मालकाला टनामागे एवढे सुटत होते की ट्रकवाल्याला दोन रुपये जास्त देताना तो विचार करत नसे. उलट गाव शांत राहायला ते स्वस्तच पडायचे. आता तो कंत्राटदार नेमेल, कंत्राटदार मोठ्या गाड्या आणेल, आणि दराची चर्चा जिल्हाधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये सुरू झाली की आमदार मध्ये बसून फोटो काढून घेतील. दर मात्र त्या फटीपेक्षा मोठा होणार नाही. कोणी कितीही घोषणा देवो.

ट्रिपांचा हिशोब वेगळा. समजा एका ब्लॉकला वर्षाला ३० लाख टनांची परवानगी आहे, आणि तो सगळा माल खरोखर बाहेर पडला. दहा टनांच्या गाडीने तीन लाख ट्रिपा. पावसाळ्यात हे काम जवळपास बंदच असते, तेव्हा आठ महिने, महिन्याला २५ दिवस धरून २०० दिवस. दिवसाला दीड हजार ट्रिपा. एका गाडीने चार ट्रिपा मारल्या तर पावणेचारशे गाड्यांना काम. पावणेचारशे! तेजीच्या काळात खाणपट्ट्यात दहा हजारांवर ट्रक होते. पेपरात "तीस लक्ष टनांना मंजुरी" असे मोठ्या अक्षरांत येते तेव्हा लाख हा आकडा डोळ्यांत भरतो. तू त्याला आठ हजारांनी भाग, म्हणजे ट्रकांचा आकडा मिळेल. ही बातमी वाचण्याची माझी रीत आहे, फुकट देतो.

आणि त्या पावणेचारशेंत पहिले नंबर कोणाचे? ज्या गावांतून रस्ता जातो त्यांचे. ते योग्यच आहे, धूळ त्यांनी खायची तर भाडे त्यांनाच मिळायला हवे. पाळी गाव कोणत्या ब्लॉकच्या वाटेवर येते हे आधी बघ. तुझ्या गावाचा रस्ता नसेल तर तुझी गाडी रांगेत शेवटी असेल, मग संघटनेचा अध्यक्ष तुझा मामा का असेना.

धुळीचा विषय निघाला म्हणून सांगतो. २०१७ मध्ये सोनशीच्या लोकांनी ट्रक अडवले होते, प्रदूषणाला कंटाळून. त्यांना थेट तुरुंगात जावे लागले. त्या वेळी माझ्या ऑफिसात बसलेले ट्रकवाले त्यांना शिव्या घालत होते, आणि त्यातल्या एकाची सख्खी बहीण त्याच गावात दिली होती. शिरगावच्या विहिरी आटल्या त्या काही कोणत्या पर्यावरणवाद्याने आटवल्या नव्हत्या. न्यायालयात कोण गेले यावर आपण पंधरा वर्षे बोललो. न्यायालयात जायची पाळी का आली यावर खाणपट्ट्यात अजून कोणी नीट बोलत नाही. नव्या लीजवाल्यांनाही वस्तीतून जाणाऱ्या रस्त्यांवर विरोध होणार, प्रकरणे उच्च न्यायालयात जाणार, मधूनच आठ दिवस, पंधरा दिवस वाहतूक थांबणार. बँकेचा हप्ता मात्र त्या पंधरा दिवसांत थांबत नाही.

हप्त्याकडे येऊ. २५ लाख, दहा टक्के व्याज, पाच वर्षे. महिन्याला सुमारे ५३,१०० रुपये. वर्षाचे ६ लाख ३७ हजार. गाडी आठच महिने चालणार, म्हणून चालत्या महिन्यावर हा बोजा जवळजवळ ऐंशी हजारांचा पडतो. दिवसाला ३,२००, चार ट्रिपांवर वाटले तर ट्रिपमागे आठशे रुपये नुसते बँकेचे. त्यात डिझेल नाही, ड्रायव्हर नाही, टायर नाहीत, विमा नाही, फिटनेस नाही. खनिजाच्या रस्त्यावर टायर किती दिवस टिकतात ते बाबांना विचार. तुमच्या भागात आज ट्रिपला हातात काय मिळते ते कळले की वजाबाकी तूच करू शकशील. मला कोणी ट्रकवाला येऊन म्हणाला की चारच्या चार ट्रिपा रोज होतात, तर मी आधी त्याचे ट्रिपशीट बघेन. वजनकाट्यावरची रांग, जीपीएस बंद पडणे, परमिटचा कोटा संपणे, जेटीवर बार्ज नसणे, यांत तीनच होतात, कधी दोन. तीन झाल्या तर आठशेचे हजार-अकराशे होतात.

भाव चीनमध्ये ठरतो म्हणालो, त्याचेही थोडे. ६२ टक्के लोहाच्या मालाचा भाव २०११ च्या सुरुवातीला टनाला १९० डॉलरच्या आसपास होता, २०१५ च्या डिसेंबरात तो चाळिशीच्या खाली आला, २०२१ च्या मे महिन्यात दोनशेच्या वर चढला. आपला बराच माल ५८ टक्क्यांच्या आतला, त्याला यापेक्षा कमीच भाव मिळतो. देशातल्या पोलादवाल्यांना बळ्ळारीचा, ओडिशाचा चांगला माल मिळत असताना ते आपल्या मालाकडे फारसे वळत नाहीत, म्हणून आपण निर्यातीवर टांगलेले. २०२२ च्या मे महिन्यात केंद्राने निर्यातीवर ५० टक्के शुल्क लावले, हलक्या मालालाही सोडले नाही. नोव्हेंबरात ते हलक्या मालापुरते काढले. सहा महिने धंदा ठप्प, आणि कारण काय तर दिल्लीला पोलादाचे देशातले भाव खाली आणायचे होते. डिचोलीतल्या कोणाला विचारले होते? आता आफ्रिकेतल्या गिनी देशात सिमांडू नावाची प्रचंड खाण २०२५ च्या नोव्हेंबरात सुरू झाली आहे, ६५ टक्क्यांच्या आसपासचा माल, आणि ठरल्याप्रमाणे चालली तर वर्षाला बारा कोटी टन. चीनच्या कंपन्यांचाच त्यात पैसा आहे. आपल्या हलक्या मालाचा गिऱ्हाईक स्वतःच दुसरीकडे दुकान उघडून बसला, असे समज.

म्हणजे खाणी नकोत असे मी म्हणतो का? नाही. माझे घर खाणीच्या पैशावर चालले, खोटे कशाला बोलू. मी एवढेच म्हणतो की पूर्वी पैसा तिजोरीच्या बाहेरून वाहत होता आणि त्यातला थोडा आपल्या अंगणात साचत होता. आता तो तिजोरीतून जाणार आहे. तेव्हा खाणपट्ट्याने भांडायचे कुठे, ती जागाही बदलायला हवी. आपण अजून ट्रिपच्या दरावर मोर्चे काढतो. प्रीमियमचे शेकडो कोटी राज्याकडे येणार, त्यातले कायमस्वरूपी निधीत किती ठेवले? जिल्हा खनिज निधी तर नावानेच खाणीने बाधित झालेल्यांचा आहे. त्यातून तुमच्या पंचायतीला काय मिळाले? नळाचे पाणी, शेतातला गाळ काढणे, दवाखान्यात छातीचा एक्सरे. हे प्रश्न मी ग्रामसभेत दोनदा विचारले. पहिल्यांदा सचिवांनी लिहून घेतले. दुसऱ्यांदा मला चहा दिला.

मुख्यमंत्री प्रमोद सावंत स्वतः साखळीचे आमदार आहेत, खाणपट्ट्याच्या मधोमध. त्यांना हे सगळे आकडे तोंडपाठ असतील, अशी माझी समजूत आहे. २०२७ च्या सुरुवातीला विधानसभेची निवडणूक येते. तोवर प्रत्येक सभेत "खाणी सुरू केल्या" हे वाक्य ऐकू येईल, आणि विरोधक म्हणतील "सुरूच कुठे झाल्या?" दोघांनाही एकच विचार: किती टन, कोणत्या रस्त्याने, आणि आमच्या निधीत आज शिल्लक किती. उत्तर आकड्यात मागायचे. "लवकरच" हा आकडा नव्हे.

आता तुझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर. नवा टिपर २५ लाखांच्या कर्जावर, फक्त खनिजाच्या भरवशावर घेऊ नकोस. घ्यायचाच असेल तर चार-पाच वर्षे वापरलेला घे, कर्ज निम्म्याखाली ठेव, आणि गाडी अशी घे की खनिज थांबले तर चिरे, खडी, माती, रस्त्याचे काम यांत फिरवता येईल. मोपाच्या विमानतळाच्या आणि हायवेच्या कामावर ज्यांनी गाड्या लावल्या ते २०१८ नंतरही तरले. खनिजासाठीच बांधलेली गाडी तिथे कोणी घेईना. कंत्राटदाराकडून काम घेताना महिन्याला कमीत कमी किती ट्रिपा देणार हे कागदावर मागून बघ. तो देणार नाही. पण तो "नाही" कसे म्हणतो यावरून तुला पुढचे बरेच कळेल.

कुळागर गहाण ठेवू नकोस. बँकवाला "नुसती सही" म्हणेल. २०१२ च्या आधी नुसत्या सह्या केलेल्यांपैकी दोघांची सुपारी आज दुसराच माणूस पाडतो.

आणि बाबांचे कागद काढ. बंदीनंतर सरकारने कर्जमाफीची योजना आणली होती, बऱ्याच ट्रकमालकांनी तीत एकरकमी तडजोड करून खाती बंद केली. बाबांचे तसे झाले असेल तर क्रेडिट रिपोर्टात त्यांच्या नावापुढे "सेटल्ड" असा शेरा अजून असू शकतो. तू त्यांना सहकर्जदार किंवा जामीन म्हणून दाखवलेस की बँक तिथेच अडेल, नाहीतर व्याज वाढवून सांगेल. अर्ज करायच्या आधी त्यांचा आणि तुझा, दोघांचे रिपोर्ट काढून बघ. तसेच भंगारात दिलेल्या ट्रकांची नोंदणी आरटीओत रद्द झाली होती का तेही तपास. माझ्याकडच्या एका गृहस्थांचा ट्रक कापून विकून सात वर्षे झाली होती आणि कागदावर तो अजून त्यांच्या दारात उभा होता, रोड टॅक्सच्या थकबाकीसकट. बँकेचे ना हरकत पत्र मिळाले नसेल तर आधी ते मागायचे, मग नोंदणी रद्द करायचा अर्ज, त्याला चासी नंबरचा कापलेला तुकडा किंवा भंगारवाल्याची पावती लागते. पावती नसेल तर काम लांबते, पण होते.